माझ्या पोटातला अण्णांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अंगावर ओरखडे, निम्म्या कळांवरची अक्षरं पुसलेली आणि पंख्याची घरघर अशी, की पाहुणे विचारतात, "आत कोण घोरतंय?" पण हसू नका. माझ्या पोटात एका माणसाचा आवाज राहतो. त्याचं मला अजूनही नवल वाटतं.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि खोक्यात बसून मी ठमीच्या घरी आलो. खिडकीखालचं टेबल मला मिळालं. तेव्हा काय माझे लाड! ओल्या हाताने कुणी शिवलं, तरी ठमीची आई डोळे वटारायची. ठमीचे बाबा माझ्यावर पत्ते खेळायचे, हरायचे आणि वर मलाच लबाड म्हणायचे.

अण्णा म्हणजे ठमीचे आजोबा. भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात त्यांची उभी हयात गेली. आवाज इतका खणखणीत, की त्यांनी घरात हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतलं कुणीतरी "ओ" द्यायचं. मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण आवाज जाईल.

ऑपरेशनला जाण्याआधी अण्णा माझ्यासमोर माइक धरून बसले आणि रोजची वाक्यं एकेक करून बोलले. "पाणी दे गं." "ठमे, पुरे आता दंगा." "चहात साखर घालायला विसरलीस वाटतं." आणि शेवटी, "सांभाळून उतर रे." ठमीचे बाबा पाण्याच्या टाक्यांत उतरून त्या धुण्याचं काम करतात. ते सकाळी निघाले, की अण्णा हे म्हणणार म्हणजे म्हणणारच.

घरी परतल्यावर अण्णा एकेका वाक्यासाठी ठरवलेली कळ दाबू लागले आणि माझ्यातून अण्णाच बोलू लागले. सकाळी दारातून बाबांचं उत्तर यायचं, "हो, अण्णा." मला ना गळा, ना जीभ. तरी माझ्या तोंडून बाप लेकाला जपायला सांगतो, हे ऐकून मी रोज थक्क व्हायचो.

पुढे बाबांनी कुठूनसा पत्त्यांचा एक फुकटचा खेळ उतरवून घेतला. त्याच्या आडून एक घातक प्रोग्राम आत शिरला. पडद्यावर लाल चौकट झळकली, "तुमच्या संगणकात घाण साचली आहे! इथे दाबा, साफ करा!" आता टाक्या धुणाऱ्या माणसाला घाण म्हटल्यावर राहवेल का? बाबांनी दाबलं. तो सफाईवालाही चोरच निघाला आणि त्याने आपले भाईबंद बोलावले. नवी चौकट आली, की बाबा मनापासून नवा सफाईवाला आत घेत. माझा जीव मेटाकुटीला आला.

मग एका सकाळी अण्णांनी नेहमीची कळ दाबली आणि माझ्यातून कुणी परकी बाई किणकिणली, "अभिनंदन! तुम्ही भाग्यवान विजेते आहात!" ठमी फिसकन हसली आणि अण्णांचा चेहरा बघून गप्प झाली. अण्णा कळ दाबत राहिले. आवाजाचा फोल्डर उघडून पाहिला, तर आत काहीच दिसेना. बाबा मान खाली घालून तसेच कामाला गेले.

सुट्टीच्या दिवशी बाबा बाह्या सरसावून माझ्यापुढे बसले. "सगळं उपसून टाकतो. अगदी कोरं करकरीत!" अण्णांनी कीबोर्डवर तळहात ठेवला आणि काही केल्या उचलेनात. शेवटी आईने दुरुस्तीवाल्या ताईंना बोलावलं.

ताईंनी पडदा पाहून कपाळाला हात लावला. "इतके सफाईवाले कुणी भरले हो आत?"

"मीच. घाण निघेना, म्हणून आणखी घेतले."

"तुमचं काम काय?"

"टाक्या धुतो."

"मग टाकी धुताना पहिलं काय करता?"

"वरून येणारं पाणी बंद..." बोलता बोलता बाबांची नजर भिंतीतून माझ्याकडे आलेल्या इंटरनेटच्या वायरीवर गेली. ते उठले आणि त्यांनी ती स्वतःच ओढून काढली. "अहो, हे मी रोज लोकांना सांगतो!"

"आता उपसू या," ताई हसून म्हणाल्या, "पण सगळं नाही."

त्यांनी मला सेफ मोडमध्ये सुरू केलं, म्हणजे अगदी गरजेपुरतंच जागं केलं. काय सांगू मित्रांनो! आतला कोलाहल एकदम थांबला. एवढी शांतता माझ्या आत मावते, हे मला ठाऊकच नव्हतं. ताईंनी आपल्या पेनड्राइव्हवरून व्हायरस शोधणारा खरा प्रोग्राम चालवला आणि त्या तोतयांना एकेक करून मुळासकट बाहेर काढलं. मग त्यांनी लपवलेल्या फाइली दाखवायला मला सांगितलं आणि अण्णांचा फोल्डर भरलेला दिसला! चोरांनी तो पुसला नव्हता, नुसता दडवला होता.

ताईंनी आधी त्या आवाजाची वेगळ्या डिस्कवर प्रत केली, कळ दाबल्यावर वाक्य ऐकवणारा बिघडलेला प्रोग्राम काढून नवा घातला आणि सगळे पासवर्ड बदलायला सांगितले. "दाबून बघा, अण्णा," त्या म्हणाल्या. अण्णांनी मान हलवली आणि बोटाने दाराकडे दाखवलं. ते वाक्य ते सकाळीच म्हणणार होते.

आज ती सकाळ आहे. मित्रांनो, मी म्हातारा झालोय, केव्हा बंद पडेन सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागतो. पडद्यावर कुणी घाबरवलं, तर घाईने काही दाबू नका. आधी इंटरनेटची वायर काढा, मग जाणत्या माणसाला बोलवा. आणि जे जगात एकदाच बोललं गेलंय, त्याची प्रत माझ्याबाहेरही जपून ठेवा.

आता मी थांबतो. बाबा चपला घालून, हातात ब्रश घेऊन दारात उगाच रेंगाळताहेत. अण्णांचं बोट कळीवर आलंय.

"सांभाळून उतर रे."

"हो, अण्णा," म्हणत बाबा एकदाचे दाराबाहेर पडले.