‘बारकी’ टाइप केलं की

त्या ऑफिसात दोन नावं एकाच दिवशी बिघडली, असं वहिनीचं म्हणणं होतं.

त्याआधी तिला सगळे मॅडम म्हणायचे. लिफ्ट बनवणारी आणि दुरुस्त करणारी कंपनी, खाली कारखाना, वर ऑफिस, आणि वर कोपऱ्यातल्या टेबलाशी मॅडम. मग तिनेच आपल्या नणंदेला तिथे चिकटवून दिलं. स्वतः साहेबांकडे जाऊन सांगितलं, पोरगी चुणचुणीत आहे, घ्या. आणि पहिल्याच दिवशी नणंद दारातून ओरडली, "वहिनीऽऽ, माझं टेबल कुठलं गं?"

झालं! संध्याकाळपर्यंत साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. तीही तडकली. तिथल्या तिथे घरचं नाव काढलं, "बारकी, हळू बोल, हे घर नाहीये." मग नणंदही सगळ्यांची बारकी झाली. फरक एवढाच, की बारकीला त्याचं काही वाटलं नाही.

आता वहिनीचं काम काय, तर कागद काढून देणं. कंपनीचे सगळे नकाशे, दुरुस्तीच्या सूचना, तपासणीचे दाखले एका भल्यामोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेले. त्याचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण सगळे त्याला कपाट म्हणायचे. कपाटात टाकणं सोपं, काढताना नाकी नऊ. कारण आतलं सर्च इंजिन एक नंबरचं खडूस. कागदावर जो शब्द असेल तोच, तस्साच, काना-मात्रेसकट टाकला तरच दाद देणार. ‘दार अडकतंय’ टाकलं की ‘काही सापडले नाही’. तिथे ‘द्वार-संचलन अवरोध’ टाकायला लागायचं. असलं कोण बोलतं? पण वहिनीला सगळं पाठ. त्यामुळे दिवसभर लोक तिच्या टेबलाशी घुटमळत असायचे.

"वहिनी, तेवढा एक कागद काढून द्या ना."

"थांबा जरा, दिसत नाही का काम चाललंय?"

काम कसलं, ती पेन्सिलींना टोक करत बसलेली असायची. समोरच्याला थोडं शिजवायचं, मग दोन शब्द टाकायचे आणि एंटर. कागद हजर. लोक तोंडात बोट घालायचे. ते बघितल्याशिवाय तिला जेवण गोड लागायचं नाही.

मग साहेबांनी जाहीर केलं, कपाट तेच राहणार, आतला शोधणारा बदलायचा.

त्यासाठी बाहेरच्या कंपनीतून एक जण आला. सडपातळ, बोलताना पेनाचं टोपण टकाटक उघडझाक करणारा. त्याला सगळे शोधवाला म्हणायला लागले. तो म्हणाला, नवं इंजिन माणसं बोलतात ते समजून घेतं, पण त्याला इथली भाषा शिकवायला लागेल. तोवर स्क्रीनवर दोन चौकोन राहतील, वर जुना, खाली नवा. काही निवडक लोकांनी नवा वापरून बघायचा. कोण काय शोधतंय ते नावानिशी लिहून ठेवणार नाही, बिनधास्त वापरा. साहेबांनी हो म्हटलं की जुना बंद. आणि जो नव्याला शिकवेल, पुढे कपाट त्याच्याच ताब्यात.

साहेबांनी वहिनीकडे बघितलं. वहिनी खुर्चीत अशी ताठ झाली की जणू फोटोच काढणार आहेत.

शोधवाल्याने तिला विचारलं, "दाराची छोटी मोटर जळली, तर तुम्ही काय टाकाल?"

"लघु-चलित्र, दहन-दोष," वहिनीने धाडकन सांगितलं. एक श्वास नाही घेतला.

मागून फायली घेऊन चाललेली बारकी फिस्सकन हसली. "खाली कोणी असं नाही बोलत हो. तिथे म्हणतात, बारकी उडाली. ती मोटर म्हणजे बारकी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्याबद्दलच चाललंय. मी म्हटलं, कुठे उडाले, इथेच तर आहे!"

सगळे खो खो हसले. शोधवाल्याने टोपण लावलं.

"ह्यांनाच द्या," तो म्हणाला, आणि त्याचं बोट बारकीकडे होतं.

वहिनीने त्याच दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "मी त्या खालच्या चौकोनाला हातसुद्धा लावणार नाही. मला जमत नाही ते आणि जमवायचंही नाही."

तेव्हापासून बारकीचा डबा खाली कारखान्यात उघडायला लागला. वेल्डरकाका तिला शब्द सांगायचे, ती लिहून घ्यायची, वर येऊन इंजिनाला शिकवायची. आणि वहिनीच्या टेबलाशी घुटमळणारे पाय हळूहळू बारकीकडे वळले. तेही एकवेळ चाललं असतं. पण बारकी कोणालाच ताटकळत ठेवत नव्हती. कोणी आलं की म्हणायची, "माझ्याकडे कशाला येता, तुम्हीच टाका की, येतं." आणि यायचंसुद्धा! त्याने तर वहिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अगं, हातात आलंय तर जरा मिरव तरी!

घरीही तेच. वहिनीचा नवरा म्हणजे बारकीचा सख्खा दादा. जेवताना म्हणाला, "आमच्या बारकीने नाव काढलं हां. साहेब भेटले होते रस्त्यात. नुसते बारकी, बारकी करत होते."

"आणि माझं काही बोलले?"

"तुझं?" दादाने घास चावत विचार केला. "हो, म्हणाले, वहिनी बऱ्या आहेत ना?"

बऱ्या आहेत ना! जणू आजारातून उठलेय! वहिनी ताटावरून उठली ती भांडी आदळतच. बारकी आतून म्हणाली, "वहिनी, राहू दे, मी घासते." आणि तेही डोक्यात गेलं. चांगुलपणासुद्धा हिनेच करायचा का?

दुसऱ्या दिवशी वहिनीने आजूबाजूला बघितलं, स्क्रीन जराशी भिंतीकडे वळवली आणि खालच्या चौकोनात टाकलं, ‘बारकीच्या चुका’.

तिला वाटलं होतं, बारकीने कुठेतरी काहीतरी घोळ घातलेला असेलच, तो सापडेल. इंजिनाने समोर आणलं, ‘बारकी मोटर बसवताना होणाऱ्या सर्वसाधारण चुका’. वहिनीने सगळं वाचून काढलं. बारकी फार तापते. बारकी कुरकुर करते. बारकीवर जास्त भार टाकू नये. तिला इतका आनंद झाला की तिने लगेच दुसरं टाकलं, ‘बारकी कधी जाणार’. आलं, ‘बारकी मोटरचे आयुर्मान’. तेही वाचलं.

मग सवयच लागली. खाज सुटते ना तशी. चहाच्या आधी एकदा, चहाच्या नंतर एकदा, आणि खालून बारकीच्या हसण्याचा आवाज आला की हमखास. जे नवऱ्याला बोलता येत नव्हतं, सासूला तर नाहीच नाही, ते ती चौकोनाला बोलायची. ‘बारकी स्वतःला काय समजते’. ‘बारकी साहेबांची कोण’. ‘बारकीला काढून टाका’. एंटर, एंटर, एंटर. चौकोन कधी उलटून बोलायचा नाही. काहीतरी मोटरचा कागद आणून द्यायचा, बिचारा.

मग तो दिवस उजाडला. सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं, कारखान्यातलेही वर आले, वेल्डरकाका हात पुसत पुढच्या रांगेत बसले. भिंतीवर हा एवढा पडदा. बारकी कॉम्प्युटरपाशी उभी, नवा ड्रेस, कानामागे पेन. वहिनी मागे, दाराशी.

शोधवाला म्हणाला, "आणि आज एक नवी सोय चालू केलीये. तुम्ही शब्द टाकायला लागलात की इंजिन स्वतःच पुढचं सुचवेल. लोक जे सगळ्यात जास्त शोधतात, ते आपोआप खाली येईल. साहेब, तुम्हीच टाका काहीतरी."

साहेब पुढे आले. एका बोटाने टाइप करणारे साहेब. "ती तुमची बारकी मोटर टाकतो," म्हणाले, आणि एकेक अक्षर शोधत टाकलं, ब, काना, र, क, वेलांटी.

‘मोटर’पर्यंत ते पोचलेच नाहीत. चौकोनाखाली फडताळ उघडावं तशी यादी उघडली.

बारकीला काढून टाका
बारकी स्वतःला काय समजते
बारकी साहेबांची कोण
बारकीच्या चुका
बारकी कधी जाणार
बारकीला इथे आणलं कोणी

‘बारकी मोटर’ त्यांच्या खाली, सगळ्यात शेवटी.

मग कोणीतरी मागे खिक्कन हसलं, आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. साहेबांचं बोट हवेतच. "हे... हे काय आहे?"

"हे लोकांनी शोधलेलं असतं," शोधवाला पुटपुटला. त्याचं टोपण खाली पडलं. "पुष्कळ जणांनी विचारल्याशिवाय वर येत नाही. पण कोणी ते नाही सांगता येणार, आपण नावं ठेवत नाही."

वहिनी दाराच्या आडोशाला सरकली. पण ते शेवटचं वाक्य कानात शिरलं आणि तिचा श्वास सुटला. नावं ठेवत नाही. म्हणजे कोणालाच कधीच कळणार नाही.

बारकीने हसायचा प्रयत्न केला. "अरे वा, मी तर फेमस आहे," म्हणाली, आणि आवाज मध्येच फाटला. ती कोणाकडेही न बघता खोलीबाहेर गेली. वेल्डरकाका अर्धवट उठले, "पोरी..." म्हणाले, तिने त्यांच्याकडेही बघितलं नाही.

वहिनी तिच्या मागे गेली. का गेली, तिचं तिलाच माहीत नाही. बारकी जिन्यात पायरीवर बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून.

"एवढे सगळे गं?" ती म्हणाली. "मी त्यांच्यात बसून डबा खाते. त्यांच्या पोरांची नावं मला पाठ आहेत. आणि हे वर येऊन असलं टाकतात?"

"जाऊ दे," वहिनी म्हणाली.

"नाही नाही, मला नको ते कपाट. तू घे. तुझंच होतं. मी साहेबांना आत्ताच सांगते, आणि उद्यापासून येतच नाही."

जे हवं होतं ते असं पायरीवर पडलं होतं, नुसतं वाकून उचलायचं. आणि खोटं कशाला बोला, वहिनीला क्षणभर गारगार वाटलं. तिने बारकीच्या पाठीवर हात ठेवला. चांगला मायेने ठेवला.

बारकी नाक ओढत बोटं मोजायला लागली. "तो हिशेबवाला असणार, तो कधी माझ्याशी धड बोलत नाही. स्टोअरवाला तर नक्कीच. आणि वेल्डरकाका... ‘कधी जाणार’ म्हणायची त्यांची सवय आहे गं वहिनी. कुठलाही पार्ट आला की विचारतात, हा कधी जाणार? त्यांनीसुद्धा!" मग तिने वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तू एक सोडून मला कोणाचाच भरवसा नाही. तू नाहीस हे तर पक्कं. तुला बिचारीला तो नवा चौकोन वापरताच येत नाही."

"कोण म्हणतं येत नाही?" वहिनी म्हणाली.

"तूच म्हणालीस की. असू दे गं, सगळ्यांना नाही जमत. वयाचंही असतं."

वयाचं!

"हे बघ," वहिनी ताडकन उभी राहिली, बारकीचं डोकं कठड्यावर आपटता आपटता वाचलं. "मला सगळं येतं. तुझ्याआधी यायला लागलं. तो हिशेबवाला काय टाकणार, त्याला धड स्वतःचं नाव टाकता येत नाही! ते सगळं मी टाकलंय. एकटीने. एकेक ओळ!"

बोलली आणि जीभ चावली. पण आता काय उपयोग?

बारकी तिच्याकडे बघत राहिली. "एकटीने?"

वहिनीने मान डोलावली.

"म्हणजे वेल्डरकाका नाहीत? स्टोअरवाला, खालचं कोणीच नाही?"

"नाही."

बारकीने ओढणीने तोंड पुसलं. तिचा चेहरा आधी सैल झाला आणि मग असा काही आवळला, की वहिनी एक पायरी खाली सरकली. "वर चल."

"बारकी, ऐक ना..."

"वर चल म्हटलं ना! काकांपासून मी तोंड फिरवून आले, तुझ्यामुळे. सगळ्यांसमोर सांग."

वर जाईपर्यंत वहिनीने डोक्यात बऱ्याच थापा जुळवल्या, एकही धड बसली नाही. खोलीत सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते. वरचे खालच्यांकडे, खालचे वरच्यांकडे. वेल्डरकाका मान खाली घालून बसले होते.

"त्या ओळी," वहिनी दारातूनच म्हणाली, "खालच्या कोणाच्या नाहीत. वरच्याही नाहीत. माझ्या आहेत."

"कुठल्या तुमच्या?" साहेब म्हणाले.

"सगळ्या."

शोधवाला टुणकन उठला. त्याला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. "एकाच माणसाच्या? म्हणजे तुम्ही शंभरदा विचारलंत आणि मशीनला वाटलं शंभर माणसं आहेत! अहो, माझाच नियम चुकलाय! एक माणूस एकदाच मोजायला हवा!" आणि तो आनंदाने कागदावर खरडायला लागला. मग मात्र हसण्याचा जो स्फोट झाला, तो खालच्या मजल्यावरही ऐकू गेला असेल. वहिनीला वाटलं, त्या पडद्यामागे भिंतीत शिरावं.

बारकी हसली नाही. तिने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मागे ओढली. "बस. तू टाकल्यास, तूच काढ."

वहिनी बसली. शोधवाल्याने कुठलं बटण ते दाखवलं. एकेका ओळीवर जायचं, ‘पुसायचे का?’ असं विचारलं की हो म्हणायचं. भिंतीवर सगळं हे एवढं मोठं दिसत होतं. लोक मोठ्याने वाचत होते, लहान पोरांसारखे. शेवटी ‘बारकीला इथे आणलं कोणी’ आली. वहिनीचं बोट तिथे अडलं.

"तूच आणलंस," बारकी मागून म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं होतं?"

वहिनीने ती पण पुसली.

मागे वेल्डरकाका म्हणत होते, "काय गं पोरी, आमच्यावर डाऊट?" आणि बारकी म्हणत होती, "चुकलं काका, खरंच चुकलं," आणि दोघं हसत होते. ते हसणं वहिनीच्या मानेला चटका लावून गेलं. आत्तासुद्धा. एवढं सगळं होऊनसुद्धा तिला वाटलं, काकांनी एकदा माझ्याकडे बघून हसावं.

"बारकी, मग जुना बंद करायचा ना?" साहेबांनी विचारलं. बारकीला विचारलं.

"हो, करा," बारकी म्हणाली, आणि खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. "झालं ना पुसून? मग ऊठ. मला काम आहे तिथे."

वहिनी उठली. मागे जाऊन बसावं की तिथेच थांबावं, तिला कळेना. बारकीने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "आणि दादाला आज तू सांगायचंस. जेवायच्या आधी. मी सांगितलं तर मीठमसाला लावूनच सांगेन."