खिळा ठोकून हो

आधीच सांगतो, चूक माझीच होती.

अमेरिकेत, बॉथेलमधल्या एका छोट्या बायोटेक लॅबमध्ये मी आयटी सपोर्ट करतो. प्रिंटर, पासवर्ड, तेच ते. डिग्री अर्धवट सोडलेली. पण लॅबचा डेटा बघून बघून यूट्यूबवर स्टॅटिस्टिक्स शिकलो. थोडं स्वीडिशपण, कारण बॉस अन्निका स्वीडनची. व्हाइटबोर्डवर तिने लिहिलंय 'फोश्कनिंग', म्हणजे संशोधन. खाली टीममधली नावं, प्रत्येकापुढे 'फोश्कारे', संशोधक. मला त्या यादीत जायचं होतं. बस.

रोज तीनला सगळे काम सोडून कॉफी आणि दालचिनीचे बन खातात. मंगळवारी तेव्हाच अन्निका म्हणाली, "केदार, डेटातला घोळ तू शोधलास ना? आमच्या टीममध्ये येतोस?"

मी म्हणालो, "नाही नाही, मला कुठे काय येतंय!"

आपलं कसं, समोरचा म्हणणार, अरे असं काय करतोस. मग आपण, बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर.

अन्निका म्हणाली, "ओके." आणि बन खाल्ला.

विषय संपला!

घरी रूममेट आश्लेषाला सांगितलं. नागपूरची ती, सोफ्यावरून पडायचीच बाकी होती. "अबे, ती काय तुझी मावशी आहे का आग्रह करायला? सरळ जाऊन हो म्हण."

"स्वतःहून कसं मागायचं यार? हावरटपणा वाटतो."

"मग बस प्रिंटर दुरुस्त करत."

लॅबच्या कॉरिडॉरमध्ये एक लाकडी फळी आहे. स्वीडनमध्ये पीएचडीचा प्रबंध झाला की तो खिळ्याने ठोकून लावतात, सगळ्यांनी वाचावा म्हणून. अन्निकाचा तिथेच लटकतोय. म्हटलं, तोंडाने मागता येत नाही, पण ठोकता तर येईल. बुधवारी माझं सहा पानांचं अ‍ॅनालिसिस प्रिंट केलं आणि तिच्या प्रबंधाशेजारी ठोकायला घेतलं. पहिला खिळा वाकला. मग हातोडी अंगठ्यावर. माझ्या ओरडण्याने अख्खी लॅब बाहेर.

अन्निकाने सगळी पानं उभ्याउभ्या वाचली. एका आकड्याला पेनने गोल केला. "हे चुकलंय."

गेलं, म्हटलं.

"बाकी चांगलंय. पण काल तर तू नाही म्हणालास?"

"आमच्याकडे पहिलं 'नाही' धरत नाहीत."

"मग कितवं धरतात?"

"तिसरं."

तिने जरा विचार केला. "बरं. केदार, टीममध्ये ये—"

"हो!"

तिने बोर्डावर नाव लिहिलं. पुढे फोश्कारे. मी फोटो काढून आश्लेषाला पाठवला.

तीनला अन्निकाने बनची प्लेट पुढे केली. "नको नको," तोंडातून निघून गेलंच. प्लेट पुढे सरकली.

उठलो, प्लेटच्या मागे गेलो आणि दोन घेतले.