एरंडाची दांडी

हे मी लिहिणारच नव्हतो. लिहायला बसलो की चंद्रभानचा राग येतो आणि रागात माझं अक्षर वाकडं जातं. तसं ते कापसाच्या गाठींवर खुणा रंगवता रंगवता शिकलेलं, सरळ कधी नव्हतंच. तरी लिहितो.

"ज़ोर से! मुँह लगा के! पूरा दम निकालो!" गोरा डॉक्टर सकाळपासून ओरडत होता.

अमरावतीच्या आमच्या कापूस-आवारात त्यानं टेबलावर यंत्र मांडलं होतं. पाण्यानं भरलेलं पिंप, पाण्यात उपडा ठेवलेला पत्र्याचा डबा, आणि डब्याखाली शिरलेली एक रबरी नळी. नळीत फुंकलं की डबा वर येणार. जेवढा दम, तेवढा डबा वर. डब्यावर लाल रेघ ओढलेली. रेघ पाण्याबाहेर दिसली तर ठीक, नाहीतर त्या माणसानं बोऱ्यात उतरायचं नाही.

आमचा बोरा माणसापेक्षा उंच, चौकटीला टांगलेला. एक जण आत उतरतो, वरून रुई पडत जाते आणि तो ती पायांनी खुंदत राहतो. धुळीत, अंधारात. मागच्या महिन्यात एक जण आतल्या आत घुसमटून गेला. वरून रुई टाकणाऱ्यांना कळलंच नाही. म्हणून हा डॉक्टर.

पहिले नत्थुजी, आमच्यात सगळ्यांत मोठे. त्यांनी नळी ओठांपासून चार बोटं लांब धरली, लोट्यातून वरून पाणी पितात तशी मान मागे केली आणि फू केलं. डबा हललाही नाही. दुसऱ्यानं तसंच केलं. तिसऱ्यानंही.

"सब बीमार!" डॉक्टर म्हणाला. "काम बंद!"

बाहेर फाटकापासून गाड्या लागलेल्या, आणि हा म्हणतो बंद! मोडकंतोडकं साहेबाशी बोलणारा मी एकटाच. म्हणालो, "साहेब, उष्टं. जूठा." त्यानं लगेच खिशातून रुमाल काढला आणि नळीचं तोंड पुसलं.

"घ्या," नत्थुजी म्हणाले, "आता तं साहेबाचा रुमालबी लागला."

"नत्थुजी, लावा ना हो तोंड!"

"काहून लावू? सकाळपासून कोनाकोनाचं तोंड लागलं त्याले!"

"कोणाचंच लागलं नाही! तेच तर रडगाणं आहे!"

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात चंद्रभान हसला. हा पातूरकडचा. त्यानं खुंदलेला बोरा दगडासारखा. अकोल्याचे व्यापारी त्याला नावानं बोलावून न्यायचे. खोकायचा खूप. विचारलं तर म्हणायचा, तंबाखू.

"साहेबाले फुकर पाह्यजे ना? थांब बे, वामन्या," तो मला म्हणाला.

कुंपणापाशी गेला आणि एरंडाची पानं काखेत मारून आला. पानं खुडून टाकली, पोकळ दांड्या तेवढ्या ठेवल्या. एक दांडी नळीत खोचली, सांधीला ओली माती लावली. "ज्याची त्यानं दांडी घ्या. फुका आन् फेका. कायचं उष्टं न् कायचं काय!"

नत्थुजींनी दांडी उलटसुलट करून पाहिली, तोंडात धरली आणि गाल फुगवून फुंकलं. डबा असा उसळला की पाणी टेबलावर सांडलं. "शाबास!" डॉक्टर ओरडला. मग काय, रांगच लागली. लाल रेघ वर, माणूस पास, दांडी कचऱ्यात.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. सगळे हवेत फुंकत होते तोवर सगळे सारखेच होते.

मी चंद्रभानच्या कानाशी लागलो. "तू नको फुंकू. ताप आहे म्हण."

"काहून? दांडी आनली कोनं?"

"चंद्रभान, ऐक ना लेका..."

"सरक."

त्यानं छाती भरून घेतली. निम्म्यातच खोकला आला. डबा हळूहळू चढला आणि थांबला. रेघ पाण्याखालीच होती.

"दांडी फाटकी हाय." त्यानं दुसरी घेतली. मग तिसरी. तिसऱ्या वेळी तर डबा पहिल्याइतकाही आला नाही. डॉक्टरनं त्याच्या पाठीला कान लावला, बराच वेळ. मग हळू आवाजात मला सांगितलं. दिवसभरात पहिल्यांदाच हळू.

मी चंद्रभानला सांगितलं, बोऱ्यात उतरायचं नाही. कधीच.

"तू बराबर सांगून नाई राह्यला. साहेबाले पुन्हा पूस."

पुन्हा विचारलं. तेच.

संध्याकाळी त्याच्या घराकडे निघालो तर माझं तोंड सुटलं. "कोणी सांगितलं होतं तुला डोकं चालवायला? गप बसता येत नव्हतं? चार दिवसांनी साहेब कंटाळून गेला असता!"

"आन् मंग अजून एक जन मेला असता बोऱ्यात."

"तो तूच असतास, मूर्खा!"

"मंग?" तो म्हणाला. "कायले बोंबलून राह्यला?"

घराच्या वळणावर तो थांबला, दम घेतला आणि एकदम लंगडायला लागला.

"काय झालं?"

"मनकर्णेले म्हनजो, पाय मुरगळला. खुंदनाऱ्याचा पाय जाते. दम गेला म्हनू नको."

दारात त्याची बायको मनकर्णा उभी होती. हातातलं सूप खाली ठेवून ती आमच्याकडेच बघत होती.

"आणि उद्या तिनं मला एकटं गाठून विचारलं तर?"

"तरी तेच. डावा पाय. भुलशील तं पाह्यजो."

"नाही भुलणार," मी म्हणालो. "डावा."