पिवळ्या तारेचं टोक

धाकटीनं काळी तार ओल्या फडक्यानं पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरली. काळीच होती. लाल ओळखायला मात्र दोनदा पुसावं लागलं. अठरा वर्षांच्या धुळीनं आणि उष्णतेनं लाल, तपकिरी आणि पिवळ्या तारा एकमेकींचे कपडे घातलेल्या बहिणींसारख्या दिसायला लागल्या होत्या.

अॅम्प्लिफायर नाच शिकवणाऱ्या बाईंचा होता. नवं बटण बसवून देतो म्हणून कुणा हौशी शेजाऱ्यानं आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या साऱ्या तारा सोडवल्या. कुठली कुठं होती ते लिहून ठेवायचं तेवढं राहून गेलं. ‘बटण छान बसलंय हो,’ असं बाई रडवेल्या होऊन सांगून गेल्या होत्या. ट्रान्सफॉर्मर बाबांच्या हातचा. बाबा जाऊन चार वर्षं झाली. जळला तर तसा पुन्हा गुंडाळून देणं धाकटीला जमलं असतं की नाही, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

दुपार सुस्तावली होती. खोलीत व्हार्निशचा गोडसर वास भरून राहिला होता, आणि तांब्याच्या तारेच्या रिळांवर ऊन असं पडलं होतं की भिंतीवर त्याचे तांबूस डाग हलत होते. दाराजवळच्या खुर्चीत आई डोळे मिटून बसली होती. पायाशी बॅग. पाच वाजता दादा गाडी घेऊन तिला न्यायला येणार होता. ‘थोडे दिवस’ असं तिघंही म्हणत होती, पण थोड्या दिवसांसाठी कुणी थंडीचे कपडे, चष्म्याची जुनी घरं आणि लग्नातला फोटो भरत नाही.

कल्पना धाकटीचीच होती. दादाकडे मोठं घर, बाग, नातवंडं. इथं दुकानामागची एक खोली आणि दिवसभर हा वास. ‘तुझं इथं काय अडलंय, आई?’ असं तिनं पंधरा दिवसांपूर्वी विचारलं होतं. आईनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘काही नाही गं.’ धाकटीला हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटल्याचीच तेव्हापासून लाज वाटत होती.

तिनं मीटर लावला. काळी-लाल एक जोडी, म्हणजे एका गुंडाळीची दोन टोकं. पिवळी-तपकिरी दुसरी जोडी. दोन निळ्या जाड तारा बाहेर जाणाऱ्या विजेच्या, त्यांचा प्रश्न नव्हता. खरी मेख पहिल्या दोन गुंडाळ्यांत. त्या एकीमागे एक जोडायच्या, पहिलीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला, आणि उरलेली दोन टोकं विजेच्या लाइनला. एक जरी उलटी लागली तर दोन्ही गुंडाळ्या एकमेकींच्या विरोधात जातात आणि ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा.

रंगांचे तक्ते पुस्तकात असतात. पण दर कंपनीचा तक्ता वेगळा. या खोलीत एकच चालायचा, बाबांचा. काळी आणि पिवळी म्हणजे सुरुवात, लाल आणि तपकिरी म्हणजे शेवट. शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो इतक्यांदा ऐकवला होता की एकजण झोपेत बडबडायचा म्हणे.

धाकटीनं लाल आणि पिवळी पिळून जोडल्या. काळी आणि तपकिरी तपासणीच्या बोर्डाला लावल्या. या बोर्डावर मधे एक बल्ब असतो. जोडणी बरोबर असली तर बल्ब झोपून राहतो. चुकली तर पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. तिनं बटण दाबलं.

बल्ब लख्ख पेटला.

तिनं झटकन बंद केलं. तारा पुन्हा पुसल्या, पुन्हा मोजल्या. दोन्ही गुंडाळ्या धडधाकट होत्या. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तोच पिवळा झगझगीत उजेड. बाबांची चूक? बाबांची चूक तिनं जन्मात पाहिली नव्हती.

“पिवळी शेवट धर.”

धाकटीनं वळून पाहिलं. आईचे डोळे मिटलेलेच होते. झोपेतलं बोलणं असावं, इतका तो आवाज मऊ होता.

“काय म्हणालीस?”

“पिवळी शेवट, तपकिरी सुरुवात. त्या एकात तसंच आहे.”

“तुला काय माहीत?”

“दुसरी गुंडाळी माझी आहे ना.”

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. धाकटीनं तारा सोडल्या, लाल तपकिरीला जोडली, पिवळी लाइनला लावली आणि बटण दाबलं. बल्बात एक तांबडी रेघ चमकली आणि विझली. ट्रान्सफॉर्मर हलकेच गुणगुणायला लागला. तिनं त्यावर तळहात ठेवला. आपण जागेपणी उभ्या आहोत की नाही, हेही तिला नीटसं कळेना.

“तू शिक्षणाला बाहेर होतीस,” आई म्हणाली. “एका सकाळी पहिली गुंडाळी झाली आणि तुझ्या बाबांचा हात थरथरायला लागला. तार धरवेना. मी रोज समोर बसून थरांमध्ये घालायच्या कागदाच्या पट्ट्या द्यायचे. म्हटलं, द्या इकडे.”

“मग उलटं कसं झालं?”

“समोर बसून शिकले ना! त्यांचा डावा तो माझा उजवा. त्यांनी जिकडून सुरू केलं, ते मला तिकडून दिसायचं. दोघं मिळून कपाळाला हात लावून बसलो होतो. मग त्यांनीच अॅम्प्लिफायरात बसवताना त्या दोन तारा उलट्या जोडल्या आणि म्हणाले, ‘राहू दे, चालतंय ना!’”

“आणि पुढचे?”

“पुढचे सगळे मीच केले. सगळंच उलटं म्हटल्यावर ते सुलटंच की. फक्त हा एक अर्धा त्यांचा, अर्धा माझा.”

“मग मी आल्यावर?”

“तू त्यांच्याकडून शिकायला आली होतीस. तुला कसं सांगायचं? लोकही त्यांच्याच नावानं यायचे.”

धाकटीला आठवलं. बाबा शेजारी बसून नुसतं तोंडानं शिकवायचे आणि एक जुना ट्रान्सफॉर्मर उकलून दाखवायचे: बघ, वेढ्याला वेढा कसा चिकटलाय, केस शिरायला जागा नाही. त्या वेढ्यांवर ती जीव ओवाळून टाकायची. आजवर तसे वेढे, म्हणजे आईचे वेढे, तिला जमले नव्हते. आणि आई टेबलाजवळ आली की ही म्हणायची, ‘आई, हात लावू नकोस गं, मोजणी चुकते.’ आई गुमान आत जायची.

“मी तुला टेबलाला हात लावू दिला नाही,” धाकटी म्हणाली. “आणि तू ऐकून घेतलंस?”

“तुझी मोजणी खरंच चुकायची.”

दोघी हसल्या, धाकटी हसता हसता रडली. मग तिनं नाक पुसलं आणि सरळच सांगितलं, “आई, जाऊ नकोस.”

“का? बॅग तर तूच भरायला लावलीस.”

“अक्कल गहाण टाकली होती मी. तुझे वेढे मला येत नाहीत. आणि तू नसलीस तर मला इथं करमणार नाही.”

आईनं आता डोळे उघडले. लेकीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. तिकडे बघताना तिची बोटं मांडीवर आपोआप वळायला लागली होती.

“मला त्या बाजूनं येत नाही,” ती म्हणाली. “माझी बाजू पलीकडची.”

पलीकडे रिकाम्या खोक्यांचा ढीग होता. धाकटीनं तो दोन्ही हातांनी उचलून अंगणात नेऊन टाकला. स्टूल मांडलं. गुंडाळायच्या यंत्रावर कोरी चौकट चढवली आणि तारेचं टोक आईच्या हातात दिलं. आईनं ते ओठांनी ओलं केलं, चौकटीत अडकवलं आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. तांबं चमकत चमकत चौकटीवर चढू लागलं. एकेक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून झोपी जात होता, आणि खोलीत आईच्या पुटपुटण्याखेरीज आवाज नव्हता.

गाडी थांबली ती दोघींना ऐकू आली नाही. दादा दारात येऊन उभा राहिला.

“आई, निघायचं ना?”

“एकशे बारा, एकशे तेरा,” आई म्हणाली.

दादानं धाकटीकडे पाहिलं. “हे काय? किती आहेत अजून?”

“आठशे साठ.”

“आणि मग?”

“मग दुसरी गुंडाळी.”

“अगं, पण त्यानंतर तरी—”

“हळू बोल, दादा,” धाकटी म्हणाली. “चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.”