दार लावून सगळे बाहेर

घंटी वाजली, जाड दार लागलं, आणि कुल्याश म्हातारी टेबलावरून उतरून फरशीवर पालथी पडली. दोन्ही हात डोळ्यांवर. काल हेच, आज पुन्हा हेच!

यंत्र बंद करून ओराज धावत आत आला. कझाकस्तानातल्या सेमेय शहराच्या कॅन्सर इस्पितळात बारा वर्षं तो किरणांचा शेक देत होता. रडणारे पाहिले, पळून जाणारे पाहिले, ही तऱ्हा मात्र नवीच होती.

"अहो अपा," आजीबाईंना तिकडे म्हणतात तसं तो म्हणाला, "शेक तुम्हाला द्यायचाय, फरशीला नाही! उठा!"

मागोमाग सून मेरुएर्त आली, ती अगदी रडकुंडीला आलेली. "अपा, का जीव खाताय माझा? ऑपरेशनला हूं की चूं केलं नाहीत, आणि आता नुसतं पडून राहायचं तेही जमेना? आज झालं नाही तर तुमची पाळी दुसऱ्याला देणार आहेत. मग गाठ परत आली म्हणजे?"

गाठ परत आली म्हणजे काय, हे कुल्याशला कुणी सांगायला नको होतं. दोन भावंडं त्यातच गेली होती. तिला जगायचं होतं, चांगलं भरपूर जगायचं होतं. सुनेला चौथा महिना होता, घरातलं पहिलं नातवंड. पण अंग ऐकेल तर ना!

तिच्या लहानपणी गावात लष्करी गाडी यायची. पलीकडच्या माळावर, सगळे ज्याला पोलिगॉन म्हणत तिथे, चाचणीचा अणुबॉम्ब फुटायचा असला की अधिकारी घरोघर दटावत फिरायचे. घरं कोसळतील, बाहेर या, जमिनीवर पालथे पडा, डोळे झाका, बाकी काही होत नाही. आणि एवढं सांगून स्वतः गाडीत बसून पसार! गाडीची धूळ दिसली की पोरांनाही कळायचं, आता होणार. तिचा बाप मात्र घोडीचा दोर धरून उभाच राहायचा. घोडी बुजून पळाली तर प्यायला तिचं दूध कुठून आणायचं? पुढे त्याच्या तोंडातून रक्त पडायला लागलं. सरकारी डॉक्टर आले, तपासून गेले, क्षय आहे म्हणाले.

"तू का बाहेर जातोस रे?" तिने फरशीवरूनच ओराजला विचारलं.

"नियम आहे, अपा."

"नियम त्यांचाही होता! काही होत नाही ना? मग थांब की माझ्याजवळ. ते ढोलासारखं पोट घेऊन बस त्या खुर्चीवर."

मेरुएर्तने जीभ चावली. ओराज हसला नाही. तो तिच्याशेजारी फरशीवर बसला.

"नाही थांबणार. कारण हे तेच आहे."

"काय तेच?"

"तुमच्या माळावर जे फुटायचं ना, त्यातून जे अंगात शिरलं, त्याच जातीचं हे. तिथे ते मोकाट सुटलं होतं, माप नव्हतं. इथे मी मोजून देतो, गाठीच्या जागेवरच. रोगाचं उरलंसुरलं मरतं. थोडं चांगलं मांसही भाजतं, खोटं कशाला बोलू? आणि रोज प्रत्येकाबरोबर मी आत थांबलो, तर एक दिवस मलाच या टेबलावर झोपावं लागेल."

"अहो, घाबरवताय काय त्यांना!" मेरुएर्त किंचाळली.

कुल्याश उठून बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. साठ वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी नाही, डॉक्टरांनी नाही, कागदांवर शिक्के मारणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

"हिला आधी लांब ने," ती म्हणाली. "पार रस्त्यावर. पोटुशी आहे."

"अपा, भिंत चांगली जाड आहे. बाहेर काही..."

"ने म्हणते ना!"

ओराजने वाद घातला नाही. तो मेरुएर्तला फाटकापर्यंत सोडून आला. मग म्हातारीला उताणं निजवून त्याने छातीवरच्या शाईच्या खुणा जुळवल्या, तिचे हात डोक्याच्या वर ठेवले.

"दोन मिनिटं. आता मी बाहेर पळतोय बरं का."

"पळ बाबा, पळ. लवकर पळ."

दार लागलं. घंटी वाजली. तिचं अख्खं अंग खाली पडायला धडपडत होतं, पायाची बोटं आवळली गेली. ती हलली नाही. यंत्र घरघरत वरून फिरलं. डोळ्यांतलं पाणी कानांत ओघळत होतं आणि पुसायची सोय नव्हती.

"एवढंच सांगायचं होतं रे मेल्यांनो," ती रिकाम्या खोलीत ओरडली, "आम्हीही पळालो असतो!"