थंड चुलीचा दिवस

घशात कुणी करवत चालवावी तसा तो आवाज.

श्वास आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. मधे काही नाही. त्या मधल्या जागेत द्वारकाबाईंचा जीव अडकायचा, आणि पुढचा श्वास आला की तेवढ्यापुरता सुटायचा.

पलंगावर बेबी, त्यांची चार वर्षांची नात. बारशाचं नाव प्रमोदिनी, पण ते पत्रिकेतच राहिलं. गळा सुजून हनुवटीला मिळाला होता. सून रमा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"आत्याबाई, ओठ निळे दिसतात हो."

"उजेड कमी आहे."

उजेड लख्ख होता. भर दुपार होती. घरात पुरुष माणूस नव्हता. मुलगा जयसिंगराव सरकारी दफ्तराबरोबर ग्वाल्हेरला. मध्यभारत राज्य झाल्यापासून राजधानी हिवाळ्यात तिकडे आणि उन्हाळ्यात इंदुरात, आणि कारकुनांच्या बायका वर्षातला निम्मा काळ अशा दाराकडे डोळे लावून. संताजी टांगेवाल्याला मिशनच्या दवाखान्यात पिटाळलं होतं. तो अजून आला नव्हता.

आणि आज शीतळासप्तमी.

तिकडे पुण्याकडच्या नातलगांची ही सप्तमी श्रावणात येते. पण द्वारकाबाईंचं घराणं होळकरांच्या रिसाल्याबरोबर माळव्यात आलं आणि माळव्यातच मुरलं. इथली सप्तमी होळीच्या पाठोपाठ. आदल्या दिवशीच्या पुऱ्या, दहीभात, गुलगुले, सगळं गार. चूल सारवून, हळदीकुंकवाची बोटं ओढून गप्प ठेवायची. देवी आज राखेत निजलेली असते. घरात ठिणगी पडली की ती भाजते, आणि मग ती घरातली पोरं बघते.

कहाणी सकाळी देवळात त्यांनीच सांगितली होती. दरवर्षी त्याच सांगतात.

*एक सून होती. तिला गारढोण जेवण जाईना. सासू पाण्याला गेली बघून तिनं चूल पेटवली, ऊन ऊन भाकरी थापली. पाळण्यात लेकरू निजलं होतं. भाकरी फुगली, आणि पाळण्यात*

नाही. पुढचं नको.

करवत. करवत. मधे काही नाही.

टांग्याचा आवाज आला.

रॉसबाई आधी उतरल्या, मागून डॉक्टर रॉस, हातात कातडी बॅग. दोघं कॅनडाची. डॉक्टर गोरेपान, वाकलेले, बोलायला हिंदी. बाई मात्र मराठी बोलायच्या, आणि ती सगळी द्वारकाबाईंची मराठी, हेलासकट, शिव्यांसकट. सहा वर्षं दर बुधवारी दुपारी त्या इथे ओसरीवर शिकायला बसत. बदल्यात त्यांनी द्वारकाबाईंना लोकरीचं विणकाम शिकवलं. द्वारकाबाईंनी विणलेला एकमेव मोजा दोन माणसांच्या पायांना पुरला असता. धर्माचं बोलणं एकदाच निघालं होतं. "तुमचा येशू बरा आहे," द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, "पण आमच्याकडे आधीच गर्दी आहे." बाई पोट धरून हसल्या होत्या.

आज कुणी हसलं नाही. बाईंनी चपला काढल्या, पाय धुतले. डॉक्टर तसेच आत गेले. चमच्याच्या दांड्यानं बेबीची जीभ दाबली, टॉर्च मारला.

"जाला," ते म्हणाले. "सफेद जाला. माताजी, ये घटसर्प है."

द्वारकाबाईंच्या पाचावर धारण बसली. ते नाव त्यांना माहीत होतं. धाकटी जाऊ त्यानंच गेली होती.

"दवा है," डॉक्टर घाईनं म्हणाले. "साथ में लाया हूँ. घोडे के खून से बनती है."

"घोड्याचं चालेल," द्वारकाबाई म्हणाल्या. आपण काय बोलतोय तेही त्यांना कळत नव्हतं. "आम्ही घोड्यावरचेच लोक."

डॉक्टरांनी पिचकारी काढली, काचेची. सुई काढली. मग बॅगेत हात घातला. बाजूच्या कप्प्यात घातला. मग बॅग पलंगावर उपडी केली. कात्री, बाटल्या, पट्ट्या, एक सफरचंद.

"हेलन. स्टोव्ह कहाँ है?"

रॉसबाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. सहा वर्षांत हा चेहरा द्वारकाबाईंनी कधी घाबरलेला बघितला नव्हता.

"मी काढून ठेवला," बाई मराठीत म्हणाल्या. नवऱ्याला नाही, द्वारकाबाईंना. "सकाळी. सुई उकळायचा स्पिरिटचा स्टोव्ह, काडेपेटी, सगळं. आज ही बॅग घेऊनच, फेरीवरून तुमच्याकडे प्रसादाला यायचं होतं ना मला. मागल्या साली मी गरम केक आणला होता, तुम्ही तो बाहेरच्या बाहेर गाईला घातलात. म्हणून या साली मी… आग नको म्हणून… मला काय माहीत, हीच बॅग घेऊन असं यावं लागेल."

चूक एवढीच. मैत्रीनं केलेली.

"आजच्या दिवस सुई न उकळता टोचा," रमा म्हणाली. "काय होतंय?"

डॉक्टरांनी मान हलवली. हीच सुई सकाळी याच रोगाच्या दुसऱ्या एका पोराच्या मांडीत गेली होती. दुसरी पिचकारी नर्सबरोबर मानपूरच्या कॅम्पात. पाण्यात खळखळा उकळल्याशिवाय ती बेबीच्या अंगात घालता येणार नव्हती.

"मी परत जातो, स्टोव्ह आणतो," दारातून संताजी म्हणाला. "नायतर सियागंजात बोहऱ्यांकडं चूल असेल, काकी. त्यांची कुठं सप्तमी? घोडा उडवत नेतो."

डॉक्टरांनी बेबीकडे पाहिलं. तिच्या गळ्याच्या खळीत प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता, बोट मावेल एवढा.

"टाइम नहीं है, भैया."

मग डॉक्टर उठले आणि संताजीच्या खिशाकडे हात करून म्हणाले, "माचिस दो. आग मैं जलाऊँगा. माताजी, पाप मेरा. आपका कुछ नहीं."

"नो!" रॉसबाई.

दोघं इंग्रजीत भांडायला लागले, दबक्या आवाजात, भराभर. द्वारकाबाईंना शब्द कळत नव्हते, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्या भाषेत कळत नाही? तो म्हणत होता, पोर मरतंय. ती म्हणत होती, घर द्वारकाबाईंचं आहे. आणि आणखी काहीतरी म्हणत होती, दाराकडे बोट दाखवत. गल्लीकडे. मिशनवाले दुधात काय घालतात, पोरं कशी पळवतात, यावर हल्ली नळावर रोज पंचायत बसायची. सरकार चौकशी करणार म्हणे. पादरी डॉक्टरनं सप्तमीच्या दिवशी मराठ्याच्या घरात चूल पेटवली, एवढं पुरलं असतं. दवाखान्याला, या दोघांना घालवायला.

*सासू पाण्यावरून परत आली. बघते तर काय, धूर*

करवत.

करवत.

मधे काही नाही.

पुढचा श्वास आला नाही.

रमानं किंकाळी फोडली. बेबीला डॉक्टरांनी उचललं, पालथं धरलं, पाठीवर थाप मारली; एक घाणेरडा, ओला आवाज झाला आणि करवत पुन्हा सुरू झाली. बारीक. लांबून आल्यासारखी.

रमा उठली. संताजीच्या खिशातली काडेपेटी तिनं हिसकावली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. द्वारकाबाई तिच्या मागे धावल्या. साठीच्या बाईनं धावावं तशा, एका हातानं भिंत धरत. सून चुलीपुढे उकिडवी बसली होती. सारवलेल्या मातीवर हळदीची पाच बोटं, कुंकवाची पाच बोटं, सकाळी त्यांनीच ओढलेली. रमानं काडी काढली. घासली, मोडली. दुसरी घासली, विझली.

"दे इकडं."

"आत्याबाई, मी ऐकणार नाही. मला घराबाहेर काढा, पण…"

"सुनेनं पेटवायची नाही!" द्वारकाबाई ओरडल्या. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "कहाणीत सून पेटवते. लेकरू सुनेचं जातं. सासूनं पेटवली तर काय होतं ते कहाणीत नाही. दे. आणि बाहेर जा. तू बघितलंसुद्धा नाहीस."

रमा गेली.

द्वारकाबाई एकट्या. चूल समोर. भीती अशी की दातावर दात वाजत होते, होळीनंतरच्या त्या उकाड्यात. त्यांना खरंच वाटत होतं की राखेत कुणीतरी निजलंय. राख किंचित वरखाली होतेय असं त्यांना दिसलं. श्वासासारखी.

"आई," त्या म्हणाल्या, "ऊठ. बाजूला हो. भाजेल तुला. मी सांगतेय ना, ऊठ. आणि रागवायचं तर हे घे, मी इथे बसलेय. म्हातारी आहे, मोठी आहे, तुला पुरून उरेन. ती एवढीशी आहे, तिच्यात काय आहे तुला?"

त्यांनी चुलीपुढे पदर पसरला. वाट पाहिली. काहीच झालं नाही. कुणी उठलं नाही, कुणी बोललं नाही.

त्यांनी काडी ओढली.

गोवरी पेटली. धूर आधी स्वयंपाकघरात भरला, मग कौलांतून वर गेला. आख्ख्या गल्लीवर एकच धूर. सप्तमीच्या निरभ्र दुपारी तो काळा खांबासारखा उभा राहिला असणार. पातेल्यात पाणी, पाण्यात काच आणि सुई. पाणी तापेना. द्वारकाबाई फुंकत राहिल्या, डोळ्यांतून पाणी गाळत, आणि कान बाहेर: करवत आहे? आहे. आहे अजून.

पहिला बुडबुडा. दुसरा. मग खळखळ.

रॉसबाई दारात उभ्या होत्या. आत पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. द्वारकाबाईंनी पातेलं उचलून त्यांच्या हातात दिलं. दोघींची बोटं भाजली.

आणि मग दारावर थापा.

"द्वारकाकाकू! ओ काकू! दार उघडा!"

समोरची शारदा. तिच्या मागे पाच-सात बायका, दोन पुरुष. द्वारकाबाई दारात जाऊन चौकटीला दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या. आत डॉक्टर सुई भरत होते.

"धुआँ कसला येतोय?"

"चुलीचा."

"आज?"

"आज."

"त्या मेमनं पेटवली ना?" मागून एकजण. "टांगा बघितला आम्ही. तरी म्हणत होतो, पादऱ्याला घरात घेऊ नका. अब भुगतो! अरे भिया, बाहेर काढा त्या दोघांना!"

"मी पेटवली," द्वारकाबाई म्हणाल्या.

"खोटं नका बोलू काकू. कहाणी तुम्हीच सांगता."

"म्हणूनच सांगते. मी. या हातानं." त्यांनी हात पुढे केला. काजळीनं काळा, बोटाला फोड. "त्या बाईंनी उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. चुलीच्या खोलीचा उंबरा म्हणते, घराचा नाही. काय करायचं ते मला करा."

कुणी काही केलं नाही. पण शारदाचा चेहरा बघून द्वारकाबाईंना पहिल्यापेक्षा मोठी भीती वाटली. त्यात राग नव्हता. शारदा रडवेली झाली होती.

"तुम्ही तुमच्यापुरतं बघितलंत," ती म्हणाली. "देवी काय घर मोजून रागावते का? गल्लीत आमचीपण पोरं आहेत. माझा नाना सकाळपासून घसा दुखतो म्हणतोय. थुंकी गिळत नाही. आणि तुम्ही आज… आजच…"

आत बेबी कळवळून ओरडली. सुई गेली. ओरडणं घोगरं होतं, पण ओरडणं होतं. द्वारकाबाईंनी चौकट आणखी घट्ट धरली.

रॉसबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या शारदाकडे बघून, द्वारकाबाईंच्याच हेलात म्हणाल्या, "नानाला आण. आत्ता. डॉक्टर बघतील."

"मी नाही आणणार. या घरात? आज?"

"शारदा," द्वारकाबाई म्हणाल्या, "गिळत नाही म्हणालीस?"

शारदानं होकाराची मान हलवली.

"बेबीपण काल हेच म्हणत होती. मी म्हटलं, गुलगुले जास्त खाल्ले."

शारदा वळली. चालत गेली की धावत, ते द्वारकाबाईंना गर्दीत कळलं नाही. बाकीच्या बायका वाट सोडायला बाजूला झाल्या आणि पांगल्या नाहीत. पदर तोंडाला लावून धुराकडे बघत राहिल्या.

डॉक्टर बाहेर आले. बाह्या वर, कपाळावर घाम. बेबीचं आज रात्रीपर्यंत काही सांगता येत नाही, म्हणाले. दवा जाळं सोडवते, पण वेळ घेते. कधी वेळेत, कधी… मग त्यांनी हातातल्या रिकाम्या पिचकारीकडे बघितलं.

"इसे फिर उबालना पड़ेगा. हर बच्चे के लिए. आग बुझी तो नहीं?"

द्वारकाबाई आत गेल्या. गोवरी जळून लाल कोळसा उरला होता. आता ती आपोआप विझली असती. एकदाच पेटवली होती, घाईत, पोर जात होतं म्हणून. देवीला तेवढं सांगता आलं असतं. आता तसं नव्हतं. बाहेर शारदाचा आवाज येत होता, आणि नानाचं रडणं, आणि त्या रडण्याखाली कुठेतरी, अगदी बारीक, तोच करवतीचा आवाज. नानाचा की बेबीचा, इथून कळत नव्हतं.

त्यांनी भिंतीशी रचलेल्या सरपणातलं जाड लाकूड उचललं. त्यांनी ते चुलीत सारलं आणि फुंकायला वाकल्या.