शेडबाईची भिंत

“मधून ताण आधी! कोपरे शेवटी. कोपऱ्यातून ओढलंस की मधे पोट सुटतं.”

आत्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होती आणि मी तोंडात खिळे धरून उभी होते. समोर भिंतीला टेकवलेली जुन्या कपाटाची पाठ आणि तिच्यावर फ्लॅनेल. तान्ह्या बाळाला गुंडाळतात तसलं, लव असलेलं. त्यावर कापडाचा तुकडा नुसता टेकवला तरी चिकटून बसतो, टाचणी लागत नाही. आदल्या दिवशी मी तिचं न ऐकता पलंगावरची चादर ठोकली होती. ती गुळगुळीत. सगळे तुकडे सरसर खाली. आत्या एवढंच म्हणाली, “वा. शाळा सोडल्यापासून बरंच शिकलीस.” माझं डोकंच फिरलं. चादर ओढून काढली, ती फाटली.

पूर्वी आत्या गोधडीची मांडणी जमिनीवर करायची. आता गुडघे वाकत नाहीत. आणि उभं मांडलं की दारापाशी जाऊन लांबून बघता येतं, कुठला तुकडा खुपतोय ते लगेच कळतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहते. बत्तीस वर्षं दोऱ्यांच्या दुकानात काउंटरला होती. कोणी चिंधी दाखवली की चारशे रिळांतून नेमकं त्याच रंगाचं रीळ काढून द्यायची. शिंपी तिला शेडबाई म्हणायचे. मागच्या वर्षी थोरले मालक गेले. धाकट्याने दुकान नवं केलं, कम्प्युटर आणला आणि आत्याला घरी बसवलं. मग शिंपी चुकीचे दोरे परत आणून काउंटरवर आपटायला लागले, तसा हा आमच्या दारात हजर. शिंप्यांनी रंग जुळवायला आणलेल्या आणि दुकानातच उरलेल्या तुकड्यांची पिशवी घेऊनच आला होता. म्हणाला, “एक गोधडी करा. वर काळा, मग गडद निळा, मग उतरत उतरत पांढरा. काउंटरच्या मागे लावू. आणि तुम्ही तिच्यासमोर बसा, रोज तीन तास. शनिवारी येतो मांडणी बघायला.”

त्या दिवशी आत्याने दोनदा केस विंचरले.

शुक्रवारपर्यंत सगळे तुकडे लागले. बारा ओळी, एकेका ओळीत नऊ. आत्या दारात जाऊन उभी राहिली, हात कमरेवर.

“बघ, कशी उतरलीय शेड!”

मी बघितलं. दुसरी ओळ काळी. तिच्यात चार तुकडे निळे. तिसरी ओळ गडद निळी. तिच्यात चार काळे, पडलेल्या दातांसारखे दिसत होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. असं मी कधी करत नाही.

तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीच बरोबर होते. डॉक्टर म्हणाले होते, पडदा खराब झालाय, दिसेल, पण पहिल्यासारखं नाही. आत्याने घरी सांगितलं, सगळं ठीक आहे, आणि मला डोळे वटारून गप्प बसवलं. मला वाटलं होतं, पेपर वाचण्यापुरतीच अडचण असेल.

शनिवारी ती अंघोळीला गेली तेव्हा मी ते चार आणि चार बदलून टाकले. दोन मिनिटांचं काम. ती बाहेर आली, डोक्याला टॉवेल. जाता जाता भिंतीवरून सहज हात फिरवला आणि थांबली.

“इथे पॉपलिन होतं.”

“असेल.”

“असेल काय? पॉपलिन होतं. आता जाडं सुती आहे.” बोटं पुढे सरकली. एक, दोन, तीन... एकही न चुकता तिने आठच्या आठ शोधले. “आठ हलवलेस. का?”

“हाताला खाज सुटली होती.”

“मला खुळी समजतेस?”

“निळे होते ते! काळ्यात चार निळे लावलेस तू आणि निळ्यात चार काळे! आंधळ्याला पण दिसलं असतं!”

बोलून गेले आणि वाटलं, जीभ कापून टाकावी. आत्या खुर्चीत बसली. टॉवेल सुटून खांद्यावर आला, तिने तो तसाच राहू दिला.

“किती निळे?” तिने विचारलं.

“गडद. खूप गडद.”

“हं.”

“आता बरोबर लागलंय ना? तो येईल, बघेल, जाईल. त्याला काय कळतंय?”

“त्याला कळत नाही म्हणूनच तर मला बोलावतोय.”

धाकटे मालक अकराला आले. मी त्यांना दारातच उभं केलं, लांबून बघा म्हटलं. ते खूशच झाले.

“तोड नाही, शेडबाई! सोमवारपासून या.” मग खिशातून दोन रिळं काढली. “तोवर हे तेवढं बघा. कालपासून पोरांची भांडणं चाललीत. यातलं काळं कुठलं?”

आत्याने दोन्ही हातांत एकेक रीळ घेतलं. मी मालकांच्या मागे उभी राहून तिला खुणा करत होते. डावं, डावं! तिने माझ्याकडे बघितलं. मग रिळं परत केली.

“मला सांगता येत नाही.”

मालक हसले. “थट्टा करता होय?”

“वरचे आठ तुकडे हिने बदललेत. मी चुकीचे लावले होते. काळा आणि गडद निळा मला आता वेगळा दिसत नाही. काउंटरला बसवलंत तर शिंपी माझ्या तोंडावर रिळं आपटतील. ते मला नको.”

मालकांनी भिंत बघितली, मला बघितलं. रिळं खिशात घातली.

“गोधडी तरी...?”

“गोधडी होईल. शिवायला बोटं पुरतात.”

ते बराच वेळ बूट घालत बसले. मग गेले.

“मी दाखवत होते की, डावं म्हणून!”

“दिसलं. रोज तीन तास माझ्यासमोर उभी राहणार होतीस का?”

“राहिले असते.”

“तू? एका जागी?” आत्या हसली, नाकातून, थोडंसं.

मग उठली. मशीनवरचं कापड काढलं, खुर्ची ओढली आणि भिंतीकडे पाठ करून बसली. मशीनची सुई वर केली, पाय पायडलवर ठेवला आणि मागे न बघता हात पसरला.

मी वरच्या ओळीतला पहिला तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. काळाच होता. तिने विचारलं नाही.